पैसे वसूल आणि पैसे पाण्यात : देवबाग-मालवणचे चार दिवस

गेल्या डिसेंबरात, मार्गशीर्ष त्रयोदशी ते प्रतिपदा असे चार दिवस, आम्ही देवबागला एका घरगुती निवासात राहिलो. मी, माझी पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांची आई असे चौघेजण होतो. तिथीचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण या सगळ्या परीक्षणाचा कणा तोच आहे. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकाला विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक गोष्टीची चव, मग ती पाण्याखालची सफर असो, वाळूचे बेट असो, किल्ल्याची होडी असो किंवा ताटातला मासा असो, भरती-ओहोटीवर ठरते. आणि ज्याने आम्हाला काही विकताना आधी भरतीची वेळ पाहिली त्याच्याकडे आमचे पैसे वसूल झाले, ज्याने फक्त हातातले घड्याळ पाहिले त्याच्याकडे ते अक्षरशः पाण्यात गेले.

कुडाळ स्थानकापासून मालवण तीसएक किलोमीटरवर आहे आणि मालवणपासून तारकर्लीमार्गे देवबाग आणखी सुमारे बारा. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली ही जमिनीची चिंचोळी पट्टी टोकाकडे इतकी निमुळती होत जाते, की एका घराच्या पुढच्या दारातून लाटा आणि मागच्या दारातून नदीतल्या होड्या दिसतात. रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना माडांची दाटी आहे, आणि समोरून मोठी गाडी आली की एकाला मागे सरकावेच लागते. स्वतःची मोठी गाडी घेऊन जाणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवसांत हे ध्यानात ठेवावे. आम्ही कुडाळहून रिक्षा केली, ती थेट अंगणात येऊन थांबली. समुद्राच्या बाजूने धूप रोखण्यासाठी टाकलेले दगडी बंधारे ठिकठिकाणी दिसतात. जाहिरातींतल्या छायाचित्रांत ते सोयीस्करपणे वगळलेले असतात, पण येथे राहणाऱ्यांच्या बोलण्यात पावसाळ्याचा विषय निघाला की पहिला उल्लेख त्यांचाच होतो.

निवासाविषयी आधी सांगतो. चार खोल्या, पुढे शेणाने सारवलेले खळे म्हणजे अंगण, त्यात तुळशीवृंदावन, आणि मागे माडांच्या रांगेपलीकडे नदी. खोल्या स्वच्छ होत्या, चादरी धुतलेल्या होत्या, पंखा नीट चालत होता. वातानुकूलन एकाच खोलीत होते आणि तिचा दर वेगळा होता; डिसेंबरात त्याची गरज भासली नाही. संध्याकाळी डास येतात आणि नदीच्या बाजूला जास्त येतात, त्यामुळे मच्छरदाणी मागून घ्यावी. मागितल्यावर ती लगेच मिळाली, पण आधीच बांधून ठेवली असती तर बरे झाले असते. आंघोळीचे पाणी किंचित मचूळ होते, साबणाला फेस कमी येत होता. पिण्यासाठी वेगळे पाणी भरून ठेवलेले होते. न्हाणीघराचा उंबरठा उंच असल्याने आईला पहिल्या दिवशी त्रास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक जांभ्याचा चिरा पायरीसारखा आणून ठेवलेला दिसला. कुणी सांगितले नव्हते, कुणी त्याची वाच्यताही केली नाही.

घर चालवणारे काका आणि काकी, दोघेही साठीच्या पुढचे. काकांचा स्वभाव असा, की पर्यटन व्यवसायाच्या कोणत्याही शिबिरात त्यांना नापास केले असते. ते सहजपणे 'नाही' म्हणतात. पहिल्या रात्री आम्ही सुरमईचे ताट सांगितले, तर ते म्हणाले, "सुरमई आज गावाक नाय. बांगडो ताजो आसा, तोच खावा." सुरमईच्या ताटाचा दर बांगड्याच्या ताटापेक्षा बराच जास्त असतो, आणि बर्फातली सुरमई मालवणच्या बाजारातून आणून आमच्यासमोर ठेवणे त्यांना अवघड नव्हते. पण बांगडाच आला.

तो बांगडा मात्र थोडे थांबून सांगण्यासारखा आहे. काकींनी त्याचे तिखले केले होते: ओले खोबरे फारसे नाही, रस अंगाबरोबर, रंग गडद तांबडा, आंबटपणा कोकमाचा, आणि त्यावर अलगद ठेचून टाकलेली तिरफळे. तिरफळ खायचे नसते. त्याची टरफले ताटाच्या कडेला काढून ठेवायची असतात, आणि तरीही जिभेच्या टोकाला जी बारीक झिणझिणी येते तिच्याशिवाय बांगड्याचा तेलकट वास मरत नाही. मुलाने अज्ञानाने एक चावले आणि पुढची दहा मिनिटे सोलकढी पीत बसला. सोबत तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात आणि काळ्या वाटाण्यांचे सांबार होते. आई मासे खात नाही. तिच्यासाठी काकींनी न विचारता वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीने वाढले. शाकाहारी माणसाला मालवणात उपाशी राहावे लागते असा समज आहे, तो या घरापुरता तरी खोटा ठरला. सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, एके दिवशी आंबोळ्या, आणि शेवटच्या दिवशी नारळाच्या गोड रसातल्या शेवया मिळाल्या. खोलीचे भाडे दिवसाला २,२०० रुपये आणि जेवण वेगळे, असा हिशेब होता. या जेवणासाठी तो मला जड वाटला नाही.

आता ज्या ठिकाणी पैसे पाण्यात गेले त्याकडे वळतो. निघण्यापूर्वीच आम्ही शहरातून एका सहल-विक्रेत्याकडून जलक्रीडांचे एकत्रित पॅकेज आरक्षित केले होते. एकाच तिकिटात स्कूबा, पॅरासेलिंग, केळ्याच्या आकाराची ती हवेची होडी, जेट स्की, डॉल्फिनदर्शन आणि 'त्सुनामी आयलंड' असे सगळे, सकाळी आठ ते दुपारी बारा. देवबागला पोहोचल्यावर संध्याकाळी काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी काही न बोलता भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली आणि म्हणाले, "उद्या चतुर्दशी. साडेधाक भरती भरतली. बेट पाण्याखाली जातला. तुमी सांजचे जावा."

त्यांनी हा हिशेब कसा केला हे मी विचारले, आणि तो इतका सोपा निघाला की आजवर कुणी सांगितला कसा नाही याचे आश्चर्य वाटले. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची; जे उत्तर येईल तितक्या वाजता साधारणपणे पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा तितक्याच वेळाने दुसरी भरती. दुसऱ्या दिवशी सगळे सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त उतरते; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते. हा ढोबळ हिशेब आहे, त्यात थोडे मागेपुढे होते, पण सहल ठरवायला तो पुरेसा आहे.

पण पैसे भरलेले होते आणि मुलाला झोप येत नव्हती, म्हणून आम्ही सकाळीच गेलो.

पाण्याखालच्या सफरीविषयी सांगताना आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या पॅकेजमध्ये जिला स्कूबा म्हणतात ती नवशिक्यांसाठीची ओळख असते. पाच-सहा मीटर खोलीपर्यंत, दहा-पंधरा मिनिटे, एक प्रशिक्षक सतत तुम्हाला धरून असतो, पोहता येणे आवश्यक नसते. ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तो वेगळा आणि कित्येक दिवसांचा विषय आहे. नवशिक्यांची ओळखही चांगली होऊ शकते, मात्र त्यासाठी पाणी निवळ हवे. उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ जोरात असते, तळाची वाळू आणि गाळ ढवळला जातो, आणि पाणी धुरकट होते. भांगाच्या दिवसांत तेच पाणी बरेच निवळते. आमच्या विक्रेत्याला फोनवर "पाणी कसे असेल?" असे विचारले होते आणि त्यावर "एकदम क्लिअर" असे उत्तर मिळाले होते. चतुर्दशीच्या त्या सकाळी मला माझा पसरलेला हात दिसत होता आणि त्याच्या पुढे हिरवट दूध. एक पट्टेदार मासा समोरून गेला, तो मला आवडला. त्यानंतर प्रशिक्षकाने कमरेच्या पिशवीतून पावाचा तुकडा काढून चुरला आणि क्षणात पन्नासएक मासे तोंडासमोर गोळा झाले. तेवढ्यात छायाचित्रण झाले, आणि वर आल्यावर त्या चित्रफितीचे वेगळे पैसे मागण्यात आले.

हा पाव मला खटकला. मालवणचा हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत असते. तिच्यावर पाय ठेवला, नांगर टाकला की ती मोडते आणि पुन्हा वाढायला वर्षे लागतात. आमच्या होडीचा नांगर कुठे पडला हे त्या गढूळ पाण्यात नांगर टाकणाऱ्यालाही दिसले नसावे. प्रशिक्षक मुलगा स्वतः कुशल होता, हे मान्य केले पाहिजे. कानात दडा बसला की नाक चिमटीत धरून हळू फुंकायचे, श्वास कधीही रोखून धरायचा नाही, या दोन गोष्टी त्याने तीन-तीनदा करून घेतल्या आणि माझ्या घाबरलेल्या मुलाला पाण्याखाली हाताने धीर दिला. मात्र दमा, रक्तदाब, कानाचे दुखणे आहे का, हे उतरण्यापूर्वी कुणीही विचारले नाही. एका कागदावर सही घेतली, तो कागद वाचायला वेळ नव्हता. त्याच दिवशी विमानाने परतणाऱ्यांनाही कुणी काही सांगितले नाही. पाण्याखाली जाऊन आल्यावर किमान बारा तास विमानप्रवास टाळायचा असतो, आणि आता चिपी व मोपा असे दोन विमानतळ जवळ असल्याने ही सूचना कागदावर ठळक असायला हवी.

जीवरक्षक जाकिटांबद्दल तर बोलायलाच हवे. माझ्या जाकिटाला तीन कड्या होत्या, त्यांतली मधली तुटलेली आणि तिच्या जागी निळ्या नायलॉनच्या दोरीची गाठ. मी दुसरे मागितले, तेव्हा "काही होत नाही, साहेब" असे उत्तर आले. मी उतरणार नाही असे म्हटल्यावर दोन मिनिटांत चांगले जाकीट आले, म्हणजे ते होते. ते मागितल्याशिवाय का मिळत नाही, हा प्रश्न मी तिथेच विचारला आणि त्याला अर्थातच कुणी उत्तर दिले नाही. माझी विनंती एवढीच आहे, की जाकीट घालून झाल्यावर खांद्याशी धरून कुणाला तरी वर ओढायला सांगावे. ते कानापर्यंत येत असेल तर सैल आहे, बदलून घ्यावे.

हवेची होडी, जेट स्की वगैरेंविषयी लिहिण्यासारखे फार नाही. मुलाला मजा आली, प्रत्येक प्रकार मोजून दोन-तीन मिनिटांचा होता, आणि रांगेत त्याच्या दसपट वेळ गेला. डॉल्फिन दिसले नाहीत. त्यासाठी मी कुणालाही दोष देत नाही, कारण डॉल्फिन कुणाच्या तिकिटावर बांधलेले नसतात, मात्र तिकिटावर 'दर्शन' असे छापणाऱ्याने ते तसे छापू नये.

आणि बेट. कर्ली जिथे समुद्राला मिळते त्या संगमावर वाळूचा एक पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे गावात सांगतात आणि त्यावरूनच त्याला 'त्सुनामी आयलंड' हे नाव पडले. साडेदहाला, बरोबर काकांनी सांगितलेल्या वेळी, आमची होडी तिथे पोहोचली आणि होडीवाल्याने हात करून दाखवले ते माझ्या कमरेइतके पाणी होते. त्या पाण्यात दोन-तीनशे माणसे उभी होती, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि बांबूंवर उभारलेल्या टपऱ्या पाण्यातून वर आलेल्या मचाणांसारख्या दिसत होत्या. आई होडीतच बसून राहिली. अर्ध्या तासाने शिट्टी वाजली, आणि आमची सहल संपली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती आणि त्या दिवसाचा सगळा कार्यक्रम काकांनी आखला. किल्ला सकाळी, बेट संध्याकाळी. किल्ला सकाळी का, तर भरतीला. सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती असल्याने साडेदहाच्या होडीला धक्क्याशी चांगले पाणी असते, होडी पायरीच्या बरोबरीने उभी राहते, आणि आईसारख्या माणसाला खोल उतरावे लागत नाही. ओहोटीला त्याच पायऱ्या शेवाळलेल्या आणि चार फूट खाली असतात. हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नाही. धक्क्यावर होडीवाल्याने आईचा हात धरला आणि म्हणाला, "आजी, सावकाश. बोट खंय पळान जायत नाय." आई दिवसभर ते वाक्य आठवून हसत होती.

सिंधुदुर्गची होडी परवडण्यासारखी आहे आणि जायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तिचा एकच दोष आहे: नेणारी होडी साधारण तासाभराने परत आणते, आणि तासात हा किल्ला पाहून होत नाही. कुरटे बेटावर, किनाऱ्यापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी ज्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत जो उभा राहिला, त्या किल्ल्याचा तटच नागमोडी वळणांसह सुमारे तीन किलोमीटरचा आहे. होडीत चढण्यापूर्वीच आम्ही उशिराच्या फेरीने परतणार असल्याचे सांगितले आणि त्याला कुणीही हरकत घेतली नाही. विचारावे मात्र लागते.

होडी तटाच्या अगदी जवळ गेली तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या मिठीत तो असा लपवलेला आहे, की बाहेरून पाहणाऱ्याला फक्त सलग भिंत दिसावी. होडी वळते, बुरुज बाजूला सरकल्यासारखा होतो, आणि मग एकदम समोर दार उघडते. आत आल्यावर वर तटावर चढून महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा पाहावा. ठशांवर छोट्या घुमट्या आहेत आणि गर्दीत पुष्कळ लोक त्यांच्या समोरून न पाहताच पुढे जातात. पुढे राजाराम महाराजांच्या काळात, १६९५ मध्ये, बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आहे. इथली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आणि डोक्यावर नावाड्यासारखी टोपी असलेली आहे. ज्याने आरमार उभे केले त्याला दर्यावर्दी लोकांनी आपल्या वेशात पाहिले, असे मला त्या मूर्तीपुढे उभे राहून वाटले. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचे पाणी गोडे आहे. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या खडकावर आईने ओंजळभर पाणी पिऊन पाहिले आणि आदल्या दिवशीच्या आमच्या न्हाणीघरातल्या पाण्यापेक्षा हे गोड आहे असा शेरा दिला.

किल्ल्यात अजूनही काही कुटुंबे राहतात. त्यांच्याकडे कोकम सरबत आणि ताक मिळाले. सावली फार कमी आहे, त्यामुळे टोपी आणि पाणी बरोबर हवेच. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून स्वीकारले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे आणखी तीन सागरी किल्लेही त्याच यादीत आहेत. एवढ्या मोठ्या मानानंतर आत नीट दिशादर्शक फलक, बसायला सावलीचे बाक आणि तटावरच्या प्लास्टिकच्या बाटल्या उचलणारी माणसे असावीत, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. परतताना मालवणच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा अवश्य पाहावा. किल्ल्याचे भूमिपूजन येथे झाले, आणि खडकावर गणपतीबरोबर सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत. पहिल्या रात्रीचा पाऊणपटीचा हिशेब डोक्यात ताजा असल्याने मी त्या चंद्राकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो.

संध्याकाळी साडेचारला काकांच्या पुतण्याची होडी मागच्या दाराशी लागली. लहान होडी, चौघे आम्ही आणि तो. जाकिटे जुनी होती, पण सगळ्या कड्या शाबूत, आणि त्याने होडी सुटण्यापूर्वी प्रत्येकाची स्वतः लावून दिली. पाणी उतरत होते, त्यामुळे त्याने यंत्र जवळजवळ बंदच ठेवले होते. ओहोटीच आम्हाला संगमाकडे नेत होती. कांदळवनाच्या कडेला उघड्या पडलेल्या चिखलावर लहान खेकडे एक नांगी वर-खाली करत होते, आणि आमची सावली पडली की ते बिळांत शिरत आणि सगळा चिखल एकदम रिकामा दिसे. संगमाशी आलो तर काल जिथे कमरेइतके पाणी होते तिथे लांबच लांब, ओलसर, पायांना घट्ट लागणारी वाळू. टपऱ्या बंद होत होत्या, मोठ्या होड्या परतल्या होत्या, आणि सगळ्या पट्ट्यावर मिळून वीसेक माणसे असतील. आई चप्पल हातात घेऊन अर्धा तास चालली. समोर भोगव्याचा डोंगर, पश्चिमेला समुद्रात सहाच्या सुमारास सूर्य गेला, आणि मुलाने माझा शर्ट ओढून मागे वळवले, तर कर्लीच्या पात्रावर माडांच्या शेंड्यांतून पौर्णिमेचा चंद्र, अजून पुरता पिवळाही न झालेला, वर येत होता. होडीवाल्याने आम्हाला घाई केली नाही. मात्र साडेसहाला त्याने आपणहून सांगितले की पाणी फिरतेय, अंधाराआधी निघू या, आणि आणखी दहा मिनिटांची माझी विनंती सरळ नाकारली.

या फेरीसाठी आम्ही दिलेली रक्कम आदल्या दिवशीच्या पॅकेजमधल्या एका माणसाच्या तिकिटाहूनही कमी होती.

प्रतिपदेच्या सकाळी निघण्यापूर्वी समुद्राच्या बाजूला रापण ओढताना पाहिली. हे काही पर्यटकांसाठी मांडलेले दृश्य नाही आणि त्याचे तिकीट नाही. होडीने समुद्रात अर्धगोल टाकलेल्या लांबच लांब जाळ्याची दोन टोके धरून दोन रांगा उलट पावलांनी किनाऱ्यावर चढत जातात, शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याशी पुढे येऊन धरतो, आणि हे तास-दीड तास चालते. माझ्या मुलाला एकाने "धर रे झिला" म्हणून दोरावर घेतले. पाच मिनिटांत त्याच्या तळहाताला फोड आला. जाळे वर आले तेव्हा त्यात पेडवे, थोडे बांगडे, चार खेकडे आणि बरीचशी शेवाळ होती. कमी आहे का, असे विचारल्यावर एक म्हातारे गृहस्थ मान हलवून हसले आणि पाटीत मासे मोजू लागले. जाणाऱ्यांनी दुरून पाहावे, ओढायचे असल्यास विचारून ओढावे, आणि मासे वाळूवर पडल्या पडल्या मोबाईल घेऊन मध्ये घुसू नये. वाटे पाडण्याची ती वेळ असते.

मालवणहून कुडाळला परतताना धामापूरच्या तलावावर तासभर थांबावे. १५३० मध्ये बांधलेला हा तलाव भगवती देवीच्या मंदिराच्या पायऱ्यांशी येऊन थांबतो आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. चार दिवस खाऱ्या वाऱ्यात काढल्यावर त्या झाडीतला गारवा आईला सर्वांत जास्त आवडला. सावंतवाडीची लाकडी खेळणी, पिंगुळीची चित्रकथी, वेंगुर्ल्याची बाजू हे सगळे आमचे राहिले. चार दिवसांत ते कोंबण्याचा प्रयत्न करू नये.

कुणासाठी काय, हे थोडक्यात सांगतो. चोवीस तास गरम पाणी, वातानुकूलन आणि रात्री दहाला मागवता येणारे जेवण ज्यांना हवे आहे त्यांनी मालवण शहरात हॉटेल घ्यावे. देवबागच्या घरगुती निवासात रात्री नऊनंतर चूल थंड होते आणि जेवण काय हवे ते सकाळीच सांगावे लागते. जलक्रीडा करायच्याच असतील तर एकत्रित पॅकेज आधी घेऊ नये, तिथे पोहोचून एकेक घ्यावे. पाण्याखाली जायचे तर अष्टमीच्या आगेमागे जावे, वाळूच्या बेटासाठी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची संध्याकाळ धरावी. दोन्ही एकाच फेरीत उत्तम जमेल असे कुणी म्हणाले तर त्याला तिथी विचारावी. पावसाळ्यात किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा बंद असतात, आणि जून-जुलैत मासेमारी बंदी असल्याने ताज्या माशाची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

काकांनी शेवटी हिशेब दिनदर्शिकेच्या उलटलेल्या पानाच्या पाठीवर लिहून दिला. त्यात दुसऱ्या दिवसाच्या दुपारची चार जेवणे धरलेली नव्हती, कारण त्या दिवशी पॅकेजवाल्यांनी उशीर केल्याने आम्ही बाहेरच वडापाव खाल्ला होता. काकींनी ती रांधून ठेवली होती हे मला माहीत होते, म्हणून मी पैसे पुढे केले. काकांनी ते परत सरकवले आणि रिक्षा आली का ते पाहायला बाहेर गेले.